चकतीचा कर्ता

आई, तुझ्याकडे एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ती ऐकून घेण्याइतकी सवड तुला आता असावी, असं धरून चालतो. पोलादपूरच्या नाक्यावर यंदा या खांबापासून त्या खांबापर्यंत एक फलक लागला होता. वर ठळक अक्षरांत 'भव्य मोटार शर्यत, मौजे कापडे', मध्ये धूळ उडवणाऱ्या गाड्या, खाली हात जोडलेले पाहुणे, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, 'अटी व शर्यती लागू'. मजकूर मी दिला होता. मी 'शर्ती' असंच लिहिलं होतं, हे तुला शपथेवर सांगतो. छापणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "सर, शर्यतीच्या बॅनरवर शर्ती कशी येईल? तुमच्याकडून चुकून राहिलं असंल, मी दुरुस्त केलं. बाईंचा विद्यार्थी हाय मी, शुद्धलेखन आपलं पक्कं." बाई म्हणजे तू. मी काय बोलणार? दोन्ही शब्द मुळात एकाच घरातले आहेत अशी स्वतःची समजूत घातली आणि फलक उतरेपर्यंत त्या नाक्यावरून मान खाली घालून गेलो. तू असतीस तर शिडी मागवली असतीस. आणि लाल खडू.

तक्रार संपली. आता मुद्द्याचं लिहितो. त्या शर्यतीत तुझी नात पहिली आली, आणि त्याच दुपारी लबाडीच्या कारणावरून तिला बाद केलं. बाद करणारा पंच मी होतो. गाव म्हणतं, दोघांनीही बाईंचं नाव राखलं. गावाला काय जातं म्हणायला.

पण तुला आधी शर्यत म्हणजे काय ते सांगायला हवं. तुझ्या वेळी कापड्याच्या खाचरांत भात कापून झाला की गुरं सोडायचे. आता मधले बांध सपाट करून मोटारी सोडतात. नव्या नाहीत, भंगारात निघालेल्या छोट्या जुन्या गाड्या. गॅरेजवाले त्या विकत घेतात, काचा काढतात, दारं वेल्डिंगने बंद करतात आणि चालकाला खिडकीतून आत घालतात. खळ्यात मळणीचे बैल फिरतात तशी गोल वाट आखलेली असते, तिच्यावर फेऱ्या मारायच्या. सगळ्यात मोठी अट एकच, गाडी 'कंपनी फिटिंग' हवी. म्हणजे कारखान्यातून जशी आली तशी, आत कोणी डोकं चालवलेलं नाही. आपल्याकडचे मिस्त्री हा शब्द ज्या आदराने उच्चारतात, तो ऐकून मला पहिल्यांदा आपला 'अपौरुषेय' आठवला होता. माणसाचा हात न लागलेलं ते पवित्र. वेदांनंतर हा मान फक्त कार्ब्युरेटरला मिळालेला मी पाहिला.

मला पंच नेमलं त्याचं कारण असं की मला गाडी चालवता येत नाही. थट्टा नाही, समितीच्या बैठकीत हे कारण मांडलं गेलं आणि एकमताने मंजूर झालं. समितीचे अध्यक्ष पोलादपूरला हार्डवेअरचं दुकान चालवतात, त्यांना सगळे शेठ म्हणतात. शेठ म्हणाले, "सरांना क्लच कुठला नि ब्रेक कुठला ते ठाऊक नाय, म्हणजे ते कुणाच्या बाजूचे होऊच शकत नाहीत." आंबेनळी घाटात मला अजूनही गाडी लागते, हे मी बैठकीत सांगितलं नाही. तुला ते सांगायची गरजच नाही, तुझ्या किती पिशव्या मी त्या घाटात वाया घालवल्या. पंचपदाबरोबर नियम लिहिण्याचं कामही माझ्याकडे आलं, कारण मी संस्कृत शिकवतो. आपल्या लोकांचा असा एक समज आहे की संस्कृत येणाऱ्याला सगळंच येतं, फक्त व्यवहार येत नाही.

नियमांचा एक मसुदा शेठनी आधी तयार केला होता. त्यातलं एक वाक्य होतं, 'चकतीमध्ये फेरफार झाल्याचे आढळून आल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.' चकती म्हणजे काय ते सांगतो. सगळ्या गाड्यांचा दम सारखा राहावा म्हणून इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत एक लोखंडी चकती बसवतात. तिला मधोमध भोक असतं. भोक सगळ्यांचं सारखं, म्हणून हवा सारखी, म्हणून जोर सारखा. ज्याचं भोक मोठं, त्याची गाडी जास्त पळणार. एवढं मलाही कळलं. पण ते वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. झाल्याचे, आढळून आल्यास, करण्यात येईल. कोणी केलं, कोणाला आढळलं, कारवाई कोण करणार, एकाचाही पत्ता नाही. सगळ्या वाक्यात माणूस म्हणून औषधाला नाही.

आणि मी थेट आपल्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो. मी दुसरी-तिसरीत असेन. तू ओट्याशी भाकरी थापते आहेस, मी पाटावर बसून 'राम' चालवतो आहे, आणि दुधावर लक्ष ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे. तृतीयेच्या द्विवचनाशी अडखळतो तेवढ्यात स्टोव्ह फस्सकन विझतो.

"दूध उतू गेलं," मी म्हणतो.

तू मागे वळतसुद्धा नाहीस. "कुठे गेलं?"

"उतू."

"त्याला पाय आहेत का?"

"नाहीत."

"मग कर्ता कोण?"

मी बराच विचार करतो. "स्टोव्ह," मी म्हणतो.

तू पाठमोरी होतीस, पण खांदे हलताना मला दिसले. मग पीठ लागलेल्या हातांनीच वळलीस आणि म्हणालीस, "चूक झाली असं म्हणायचं नाही. चूक आपली आपण होत नसते. कोणी केली ते आधी सांग, मग पुढचं बोलू." त्या संध्याकाळी तुम्ही सगळ्यांनी कोरा चहा घेतला, आणि वडिलांनी कारण विचारल्यावर तू गंभीरपणे सांगितलंस की आज स्टोव्हने दूध सांडलं. ते वाक्य घरात किती वर्षं चाललं! काहीही बिघडलं की स्टोव्हवर घालायचं. पावसात छत्री हरवली, स्टोव्हने हरवली.

तर शेठचा मसुदा मी खोडला आणि स्वच्छ वाक्य लिहिलं, 'चालकाने चकतीला हात लावू नये. लावल्यास चालक बाद, दोन हंगाम बंदी.' कर्ता ठसठशीत, वाक्याच्या तोंडाशी. मला इतका आनंद झाला की तुला दाखवावंसं वाटलं. शेठचं ते बिनमाणसाचं वाक्य ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे आता कळतं.

तुझ्या नातीविषयी. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती आणि तुझ्या चष्म्याची काडी तिने मोडली होती. एवढीच तुमची ओळख. तिने व्याकरण शिकावं असं मला वाटायचं. ती ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून आली. संधी सोडवणं तिलाही येतं, फक्त ती लोखंडातली सोडवते. महाडात हायवेलगत एक गॅरेज आहे, तिथे कामाला जाते. त्या गॅरेजच्या मालकाला सगळे मामा म्हणतात. आपल्या नात्यातला नाही. नाते गावचा आहे, नात्याशी त्याचा संबंध एवढाच. ती काम शोधत फिरत होती तेव्हा बाकीचे म्हणायचे, "पोरगीला काय, बिलं लिहायला ठेवू." मामाने काही विचारलं नाही. तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवून मूठ तिच्या कानाला लावली आणि म्हणाला, "ऐक गो, काय बोलतोय तो." त्या दिवशी घरी येऊन ती जेवताना तेच सांगत होती. इंजिन कसं बोलतं, कुठे खोकतं. मी तिला सबंध बालपणभर 'ऐक, ऐक' म्हणत आलो, ते हे.

मामाची गाडी शर्यतीत उतरायची ठरली आणि ती चालवणार तुझी नात, हे कळल्यावर मी पंचपद सोडतो म्हणालो. शेठ हसले. "सर, तुम्ही पंच हाय म्हणून तर ती चिटिंग करणार नाय. तुमच्यासारखा बंदोबस्त दुसरा कुठला?" मी राहिलो. मला ते आवडलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

चकत्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी शेठच्या दुकानात वाटल्या. मी स्वतः एकेक मोजून दिली. मामाची मामाच्या हातात दिली. त्याने ती खिशात टाकली, आणि तिला म्हणाला, "तू जा आता घरी. झोप काढ. गाडी मी बघतो नि सकाळी कापड्याला घेऊन येतो." ती माझ्याबरोबर घरी आली. म्हणजे तिच्या स्कूटरवर मी मागे बसून आलो. संध्याकाळी आम्ही तिघं, ती, मी आणि तुझी सून, मोड आलेले वाल सोलत बसलो. डाळिंब्यांची उसळ करायची होती. तिने ताटात वालांची गोल वाट मांडली, सालपटं वळणावर ठेवली आणि मला सांगत राहिली, "बाबा, हे पहिलं वळण बघा. इथे सगळे ब्रेक मारतात. मी नाही मारणार, नुसता पाय उचलणार." तुझी सून म्हणाली, "आधी ते वाल सोला, वळणं मग घ्या." जेवून ती लवकर झोपली. सकाळी पुन्हा तिच्यामागे बसून मी कापड्याला गेलो. गाडी आधीच उभी होती. चकती बसवलेली होती. मी इतर गाड्यांसारखीच तिच्याही बोल्टांवर लाख ओतून शाळेचा जुना शिक्का उमटवला. चकतीचं भोक कोणी पाहिलं नाही. आदल्या दिवशी तर सगळ्यांची सारखीच होती.

शर्यत तुला आवडली असती का, सांगता येत नाही. आवाज फार. पण बांधावर बायका पदर डोक्यावर घेऊन ओळीने बसल्या होत्या, कोणी भुईमुगाच्या शेंगा वाटत होतं, आणि ध्वनिक्षेपकावरचा माणूस प्रत्येक गाडीला 'ही आली ही आली ही आली, गेली' एवढंच म्हणत होता. ते वर्णन म्हणून अगदी नेमकं होतं. पंचाने टाळ्या वाजवू नयेत असा नियम मीच केलेला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. चपलेत अंगठे मात्र आवळून धरले होते. ती पहिली आली तेव्हा मामा मातीत उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, आनंदाने.

शर्यत संपली की पहिल्या तीन गाड्या सगळ्यांसमोर उघडायच्या आणि चकतीत एक पितळी खुंटी घालून बघायची, ही रीत. खुंटी घट्ट बसली तर गाडी साफ. तिच्या गाडीत खुंटी खुळखुळली. तो आवाज लहान होता, पण बांधावरच्या बायका शेंगा फोडायच्या थांबल्या.

"झिजली असंल," मामा म्हणाला. "लोखंड हाय. झिजतंय."

"काल दिलेली चकती आज झिजली?" दुसऱ्या आलेल्या गाडीचा मिस्त्री ओरडला. "पोलादपूरची हवा बाधली काय रे तिला?"

लोक हसले. मामा हसला नाही. त्याने खिशातून नियमांचा कागद काढला, माझ्याच हाताने लिहिलेल्या नियमांची झेरॉक्स, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, वाचा तुमीच. 'चालकाने' लिवलंय. चालकानं हात नाय लावला. मंग चालक बाद कसा?"

सगळे माझ्याकडे वळले. शेठ जवळ येऊन कानाशी म्हणाले, "तुमच्याच वाक्यात पोरगी सुटतेय सर. घ्या सोडवून. कुणी काय बोलणार नाय."

आणि खरंच सुटत होती, आई. वाक्यात चालक होता, मिस्त्री नव्हता, मालक नव्हता. कर्ता वाक्याच्या तोंडाशी आणायच्या हौसेत मी बाकीच्या सगळ्यांना बाहेर जायला दार ठेवलं होतं. मी कागद हातात धरून उभा होतो. नियम पाळावा तर मुलगी जिंकते, आणि ती का जिंकली ते सगळ्यांना दिसतं आहे.

तेवढ्यात ती गाडीच्या खिडकीतून बाहेर आली. हेल्मेट काढून काखेत धरलं. केसांत पेंढा अडकला होता. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "चालकाने हात लावलाय. भोक मी मोठं केलं. लिहा सर."

घरात बाबा. मैदानावर सर. तेही तिने बरोबर पाळलं.

मामा "गो पोरी" एवढंच म्हणाला. मी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं. चालक बाद, दोन हंगाम बंदी. वाचूनही दाखवलं. माझा आवाज कापला नाही. चाळीसजणांचा वर्ग सांभाळून घसा पक्का झालेला असतो. बांधावरून टाळ्या सुरू झाल्या आणि सगळीकडे पसरल्या. जिंकल्यावर पडल्या होत्या त्याहून जास्त. ढाल दुसऱ्या आलेल्याला दिली. तो ती घेताना ओशाळला होता.

आता तू मला अडवशील, म्हणून मीच सांगतो. 'भोक मी मोठं केलं' यातलं क्रियापद कर्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. मराठीत भूतकाळात असंच आहे. भोक नपुंसकलिंगी म्हणून 'केलं'. बोलणारी बाई आहे की बाप्या, त्या वाक्यातून काही कळत नाही. मामाने तेच म्हटलं असतं तर एक कानामात्रा बदलावी लागली नसती. 'मी गेले', 'मी आले' म्हणताना तिचं तिपण लपत नाही. इथे लपलं. मी पेनचं टोपण लावत असताना हे माझ्या डोक्यात आलं. अशा वेळी व्याकरण आठवणं ही तुझी देणगी आहे, आणि ती परत घेशील तर बरं. कारण त्यापाठोपाठ ताट आठवलं, वालांची वाट आठवली. आदल्या दुपारपासून सकाळपर्यंत ती माझ्या डोळ्यांसमोर होती. तिने भोक मोठं करायचं म्हटलं असतं तरी कधी करणार होती? हे त्या मैदानावर, ते दोघं सोडले तर, एकट्या मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर टोपण काढायच्या आधीच ठाऊक होतं. आणि तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. ती बघत होती माझ्याकडे, लिहीत होतो तेव्हा.

पुढचे दिवस कौतुकाचे गेले. दुकानात पैसे घेईनात. मुख्याध्यापकांनी तिला दहावीच्या मुलांसमोर प्रामाणिकपणावर दोन शब्द बोलायला बोलावलं. ती म्हणाली, "मला पिस्टनवर बोलायला येतं." तुझे जुने विद्यार्थी रस्त्यात थांबवून सांगत होते, बाईंची नात शोभते. एकाने तर डोळे पुसले. मीही त्या सगळ्याचा प्रसाद खात होतो, नाही म्हणत नाही.

मग एका रविवारी मामा घरी आला. आत ये म्हटलं तरी येईना, पायरीवरच बसला. त्याच्या नखांत काळं ग्रीस होतं आणि अंगात धुतलेला सदरा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"सर, ते मी केलं," तो म्हणाला. "दोन वर्सं लोकं बोलत होती, पोरगी गाडी चालवणार काय, मामाचं डोकं फिरलं. मला वाटलं एकदा हिला पुढं काढू. एकदाच. मग काय नाय. ती तशी बी आली असती सर पुढं. मला भरवसा नाय राहिला. तिचा नाय, माझा."

मी काही म्हणायच्या आत ती चहा घेऊन बाहेर आली. "मामा, चहा. आणि ती टेम्पोची क्लच प्लेट उद्या येणाराय, तुम्ही नऊच्या आत या."

"पोरी, मी शेठकडं जातो. सांगून टाकतो."

"थंड होतोय," ती म्हणाली.

मग त्याने बशीत चहा ओतला. मीही माझा कप उचलला. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि पावसाने वाहून नेलेल्या रस्त्याविषयी बोललो. तू शिकवलेल्या व्याकरणात करणारा असतो आणि करवणारा असतो. जो सगळं बघतो आणि चहा पितो, त्याला कुठलं कारक लावायचं, हे शिकवायचं राहून गेलं.

मी गेलो शेठकडे. एवढं तरी केलं. दुकानात खिळ्यांच्या पोत्यांमध्ये उभा राहून सांगितलं की ती आदल्या दिवशी घरी होती, मला ते तेव्हाच ठाऊक होतं, तरी मी तिच्या नावावर लिहिलं, म्हणून मला पंच राहता येणार नाही. निकाल पुन्हा बघा. बाद गाडी करा, माणूस हवा असेल तर मला करा. मामाविषयी बोललो नाही. ते त्याने सांगायचं.

शेठनी गिऱ्हाईकाला बिजागऱ्या बांधून दिल्या, त्याला जाऊ दिलं, मग म्हणाले, "सर, हात जोडतो. किती वर्सांनी गावाला एक खरं बोलणारी पोरगी घावली हाय. लोकं आपल्या पोरांना तिचं नाव सांगतात. तुमी ती पण काढून घेताय?"

"पण ती खरं बोलली नाही."

"म्हणून तर म्हणतो. कोणासाठी बोलली ते बघा ना."

माझा राजीनामा त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव स्वीकारला. म्हणजे तसं कळवण्यात आलं. माझी प्रकृती उत्तम आहे. मामा दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी शेठकडे गेला, त्यालाही त्यांनी लस्सी पाजून परत पाठवलं. नियम मात्र बदलला. आता लिहिलं आहे, 'चकती बदललेली आढळल्यास गाडी, चालक, मिस्त्री व मालक सर्व बाद.' ते शेठनी स्वतः लिहिलं. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं.

परवा तुझ्या सुनेने भाजी निवडता निवडता एक गोष्ट सांगितली. मुलगी तिच्याशी बोलली होती. म्हणाली, "आई, पहिल्याच वळणावर मला कळलं. पाय उचलून पुन्हा दाबला तर गाडी कितीतरी जास्त ओढत होती. ती माझी गाडीच नव्हती. तेव्हाच बाजूला घ्यायला हवी होती. पण मी पुढे होते ना. मग वाटलं, ही फेरी होऊ दे. मग वाटलं, आता संपतच आलंय. म्हणून ते 'मी केलं' अगदी खोटं नव्हतं."

हे इतकं स्वच्छ मला कधी मांडता आलं नसतं. भोक तिने मोठं केलं नाही, पण त्या भोकातून आलेली हवा तिने वापरली, आणि ती कुठून आली ते कळल्यावरही वापरली. यासाठी तिने आपल्यावर घेतलं. मामाला वाचवायला तर घेतलंच, पण नुसतं तेवढ्यासाठी नाही. माझा ऊर भरून आला. मी म्हणालो, "हे तिने मला का नाही सांगितलं?"

तुझी सून मेथीच्या काड्या गोळा करत होती. म्हणाली, "मी म्हटलं तिला, बाबांना सांग. तर म्हणाली, नको."

"का?"

"म्हणाली, बाबा लिहून घेतील."

ती हसत सांगत होती. मीही हसलो. आमच्या घरात हे वाक्य आता स्टोव्हसारखं चालेल, असं वाटलं. मग मी मागच्या दारी जाऊन उगाच बादलीत पाणी भरत उभा राहिलो.

तिच्यात आणि माझ्यात काही बिनसलेलं नाही. सकाळी शाळेपर्यंत ती मला स्कूटरवर सोडते. खड्डा आला की "धरा बाबा" म्हणते. माझ्या नवीन चष्म्याची थट्टा करते. मला वाटलं होतं, ती एकदा तरी विचारेल, बाबा, तुम्हाला माहीत होतं ना, मग का लिहिलंत? मी उत्तर तयार करून ठेवलं आहे, पाच-सहा तऱ्हांनी. तिने विचारलेलं नाही. विचारणारही नाही, कारण तिला राग आलेला नाही. तिने फक्त मला ओळखून ठेवलं आहे, गाडी ओळखतात तसं. कुठवर ओढेल, कुठे नाही.

हा कागद टेबलावर ठेवून शाळेत जावं, दुपारी जेवायला येईल तेव्हा तिच्या नजरेस पडेल, असं काल मनात आलं होतं. ठेवणार नाही. तिचा गुन्हा लिहून काढला तसंच बाबांनी आपलं दुःखही लिहून काढलं, असं तिला वाटेल, आणि ते खरंच असेल. तुला तर पाठवायची सोयच नाही. फाडून टाकीन, किंवा नाही फाडणार. बघतो.

आई, बंदीची मला काळजी नाही, दोन हंगाम जातील. गावाचीही नाही. पुढे कधी ती खरोखरीच संकटात सापडली, तिच्या हातून मोठं काही चुकलं, किंवा कोणी तिच्याशी वाईट वागलं, तर ती माझ्याकडे येणार नाही. मला त्याची भीती वाटते.